आधी हक्क, मग जमीन, मग घर. ट्रक सगळ्यांत शेवटी
मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातल्या ग्रामसभांना खुले पत्र

आडे पटेल (गावप्रमुख), भूमका (पुजारी), सरपंच, वनहक्क समितीचे सदस्य आणि ग्रामसभेतल्या सगळ्या बाया-माणसांनो,

जोहार.

व्याघ्र प्रकल्पासाठी पुनर्वसन घेऊन गाव सोडायचं की नाही, यावरून तुमच्यात दोन तट पडले आहेत. एकाच घरात बाप म्हणतो, मुठवा देवाला (गावदेवाला) सोडून कुठं जायचं. आणि पोरगा म्हणतो, या रानात माझ्या पोरांचं काय होणार. हे पत्र दोन्ही तटांना आहे. जायचं की राहायचं, हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे आणि तो कायद्यानं दिलेला आहे. आम्हाला बोलायचं आहे ते कामाच्या क्रमाबद्दल. वनहक्काचे दावे, कुटुंबांच्या याद्या आणि पुनर्वसनाच्या जमिनीचे कागद तपासताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: सही आधी झाली आणि जमीन नंतर पाहिली गेली. असं झालं की जाणाऱ्याचंही नुकसान होतं आणि राहणाऱ्याचंही.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २००६ साली दुरुस्ती होऊन कलम ३८-व्ही आलं. त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्याचं कलम ४(२) जवळपास तेच सांगतं. गावकऱ्यांचे हक्क मान्य करण्याचं काम आधी पूर्ण झालं पाहिजे. माणसांच्या राहण्यानं वन्यप्राण्यांचं कधीही न भरून येणारं नुकसान होतं आणि एकत्र राहण्याचा दुसरा कोणताच मार्ग उरलेला नाही, हे शासनानं दाखवलं पाहिजे. ग्रामसभेनं सगळी माहिती घेऊन, मोकळेपणानं, लेखी संमती दिली पाहिजे. आणि नव्या जागी जमीन व सोयी पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही हलवता येत नाही. शेवटची अट नीट वाचा. तिथं ‘सोयी केल्या जातील’ असं लिहिलेलं नाही, सोयी पूर्ण झालेल्या असल्या पाहिजेत असं लिहिलेलं आहे. मेळघाटचा गाभा २००७ साली जाहीर झाला आणि तो सुमारे १५०० चौरस किलोमीटर आहे. पण गाभ्यात गाव आहे एवढ्यावरून गावाचे हक्क संपत नाहीत. वनहक्क कायद्याच्या व्याख्येतच वनजमिनीत अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं धरलेली आहेत.

आता गाव का फुटतं, तिकडे वळू. देव, जंगल आणि शिक्षण यांवरून वाद होतो असं दिसतं. पण यादी घेऊन बसलं की मोठी फूट हिशेबात सापडते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या योजनेत २००८ पासून प्रत्येक कुटुंबाला १० लाख होते, २०२१ साली ते १५ लाख झाले. मात्र या योजनेत कुटुंब म्हणजे चूल नव्हे. अठरा वर्षांवरचा मुलगा, लग्न झालेलं असो वा नसो, वेगळं कुटुंब. अठरा वर्षांवरची अविवाहित मुलगी किंवा बहीण वेगळं कुटुंब. विधवा किंवा घटस्फोटित बाई वेगळं कुटुंब. अपंग व्यक्ती कोणत्याही वयाची असो, आणि आई-बाप दोन्ही गेलेलं पोर, हेही वेगळं कुटुंब. त्यामुळे एक गुंठाही जमीन नसलेल्या घरात तीन मोठी मुलं आणि एक बिनलग्नाची मोठी मुलगी असेल, तर आई-बाप धरून पाच कुटुंबं होतात, म्हणजे ७५ लाख. शेजारच्या घरात आठ एकर वावर, वीस ढोरं, पण दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. तिथं एकच कुटुंब, १५ लाख. पहिलं घर ‘चला’ म्हणणार आणि दुसरं ‘नाही’ म्हणणार, यात कुणी लोभी नाही आणि कुणी अडाणी नाही. योजना ज्या मापानं मोजते ते माप तुमच्या गावाच्या मापाशी जुळत नाही, एवढंच आहे. हे बैठकीत एकदा उघड बोललं गेलं की निम्मी कडू भाषा थांबते. आठ एकरवाल्याच्या वावराची, विहिरीची आणि झाडांची भरपाई त्या १५ लाखांतच धरली आहे की वेगळी, हे संमतीच्या आधी लेखी विचारा.

म्हणून यादी हे सगळ्यांत नाजूक काम आहे. ती दिवाळीनंतर करू देऊ नका. त्या दिवसांत निम्मं गाव अकोट, परतवाडा, अमरावतीकडे कामाला उतरलेलं असतं आणि सर्वेक्षणात घराला कुलूप दिसतं. होळीला सगळे परततात. फगव्याच्या पाच दिवसांत चावडीवर यादी मोठ्यानं वाचा, तुमच्या कोरकू बोलीत वाचा. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखल-खारीज उतारा काढून ठेवा. आधार कार्डावर अनेकांची जन्मतारीख १ जानेवारी पडलेली आहे आणि पात्रतेची तारीख अलीकडे-पलीकडे झाली की सतरा वर्षं अकरा महिन्यांचं पोर यादीतून जातं. पात्रतेची तारीख कोणती धरली, हे यादीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. सगळ्यांत जास्त सुटतात त्या विधवा सासवा (मुलाच्या नावाखाली घातल्या जातात) आणि भावाकडे राहणाऱ्या बहिणी. त्यांची नावं बायांच्या बैठकीत वेगळी तपासा, कारण पुरुषांच्या बैठकीत त्यांची आठवण येत नाही.

यादीच्या आधी, किंवा निदान तिच्या बरोबरीनं, दावे. वैयक्तिक दावा म्हणजे कसत असलेल्या जमिनीचा, जास्तीत जास्त ४ हेक्टर, १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याचा. तो बहुतेकांना ठाऊक आहे. अनेक गावांत राहून जातो तो सामूहिक वनसंसाधनाचा, नमुना ‘ग’ मधला दावा. ‘जायचंच आहे, मग जंगलाचा दावा कशाला?’ असं जाणारे म्हणतात. इथंच मोठी चूक होते. मान्य झालेला हक्क हाच वाटाघाटीतला तुमचा कागद आहे. हक्क कागदावर नसेल तर मोहफूल, तेंदूपान, चारोळी, मध, चराई, मासे, यांतलं काहीही ‘गेलं’ असं दाखवता येत नाही, आणि जे गेलं नाही त्याची भरपाई कोण देणार?

दाव्याला एकाहून अधिक पुरावे लागतात. मुंड्यांची (मृतांच्या आठवणीच्या कोरीव खांबांची) जागा, मुठव्याचा दगड, जुन्या विहिरी, दगडी बांध, निस्तार पत्रक (गावाच्या जंगल-वापराच्या हक्कांची जुनी नोंद), वनविभागाचा जुना कार्य आयोजना आराखडा, वडीलधाऱ्यांचे जबाब, हे सगळे नियमात बसणारे पुरावे आहेत. वनहक्क समितीनं जागेवर जाण्याआधी वन आणि महसूल खात्यांना लेखी कळवावं, पोच घ्यावी, मग जीपीएस घेऊन हद्द चालावी. शेजारच्या गावाशी हद्द भिडत असेल तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसून ती ठरवावी. हे राहिलं तर उपविभागीय समितीत प्रकरण अडकतं. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. अपिलाला ६० दिवस असतात. गाव उठून गेल्यावर हे ६० दिवस मोजायला कुणी राहत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःच्या वाहतूक पासवर बांबू विकता आला. ते गाव व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात नाही, तुमची अडचण वेगळी आहे, हे मान्य. पण ग्रामसभेचं दप्तर नीट असलं की काय होऊ शकतं, ते तिथं जाऊन पाहता येतं.

ग्रामसभेबद्दल थोडकं सांगतो. वनहक्काच्या नियमांप्रमाणे निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश बाया हव्यात. ठराव आधी लिहायचा, कोरकूत वाचून दाखवायचा, मग सह्या-अंगठे घ्यायचे, शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारायची आणि त्याच जागी पानाचा फोटो काढायचा. कोऱ्या हजेरीपटावर अंगठा देऊ नका, मग तो कागद कुणीही आणो. तीच पानं पुढं संमतीपत्राला जोडली जाऊ शकतात.

आता जमीन. सपाटीवर गेलं की काळं रान मिळेल अशी सगळ्यांची समजूत आहे, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो. सातपुड्याच्या पायथ्याला, अकोट-तेल्हाऱ्याच्या उत्तर अंगाला पाणी गोड आहे. तिथं संत्री आणि केळी होतात. जसजसं दक्षिणेला पूर्णा नदीकडे उतरावं, तसा खारपाणपट्टा लागतो. माती दिसायला काळीभोर, पण भूजल खारं. हे पाणी पिकाला सतत दिलं की माती चोपण होते. ओली असताना चिकट, वाळली की दगड, आणि पाऊस आत मुरत नाही. एकाच तालुक्यात दोन्ही प्रकार आहेत, त्यामुळे ‘अकोट तालुक्यात जमीन’ एवढं ऐकून मान हलवू नका. गट नंबर मागा.

गट नंबर मिळाला की मे महिन्यात जा, पावसाळ्यात नको. पावसाळ्यात सगळ्या विहिरी गोड लागतात. जवळच्या तीन विहिरींचं पाणी तपासा. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० ही शेवटची मर्यादा. मग वावरात तीन ठिकाणी कमरेएवढा खड्डा खणा. दीड फुटावर मुरूम लागला तर ते बरड आहे, कागदावर काहीही लिहिलेलं असो. त्या खड्ड्यातली हरभऱ्याच्या दाण्याएवढी चार-पाच वाळलेली ढेकळं काचेच्या ग्लासात अलगद सोडा. पाणी पावसाचं किंवा आरओचं घ्या, विहिरीचं नको, कारण खाऱ्या पाण्यात गढूळपणा खाली बसतो आणि परीक्षा फसते. ग्लास न हलवता दोन तास थांबा. ढेकळाभोवती दुधट वलय पसरलं तर माती चोपण. ढेकूळ फुटून तळाशी बसलं आणि पाणी नितळ राहिलं तर चिंता कमी. पक्क्या अहवालासाठी वावरात आठ-दहा जागी वीतभर खोल खड्डे करून माती घ्या, एकत्र मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा, शेवटी अर्धा किलो उरली की पिशवीत गट नंबर लिहून माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहेच.

किमतीचं गणितही करा. योजनेत दोन पर्याय आहेत: सगळी रक्कम रोख, किंवा जमीन आणि घर. जमिनीच्या पर्यायात दोन हेक्टर, म्हणजे पाच एकर, शेतजमीन मिळवणं आणि ती सुधारणं यासाठी रकमेचा ३५ टक्के वाटा धरलेला होता. उरलेल्यात हक्कांची भरपाई ३०, घर आणि घराची जागा २०, सामूहिक सोयी १० आणि प्रोत्साहन ५ टक्के. तेच प्रमाण १५ लाखांना लावलं तर जमिनीला सव्वापाच लाख येतात, एकरी एक लाख पाच हजार. पाण्याखालची कसदार जमीन या भावात मिळते का, हे अकोटच्या बाजारात कुणालाही विचारा. मिळत नसेल तर एकतर जमीन हलकी येणार, नाहीतर वनजमीन दिली जाणार. वनजमीन देणार असतील तर १९८० च्या वन संवर्धन अधिनियमाखालची (२०२३ पासून त्याचं नाव ‘वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम’) मंजुरी आणि महसुली गावाची अधिसूचना दाखवा म्हणा. ती झाली नाही तर सातबारा निघत नाही, आणि सातबाऱ्याशिवाय पीककर्ज नाही, पीकविमा नाही. भूमी अभिलेखची मोजणी होऊन क-प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात आली, धुऱ्याचे दगड पुरले गेले, पांदण रस्ता नकाशावर आला, की मग ‘जमीन मिळाली’ म्हणा.

ढोरांचा हिशेब फार थोडे लोक करतात. अडीचशे किलोच्या गाईला रोज सहा किलो वाळला चारा लागतो, वर्षाचे जवळपास २२ क्विंटल. दहा ढोरांना २२० क्विंटल. रानात हा चारा फुकट आहे. सपाटीवर गायरान नसेल तर तो विकत घ्यावा लागेल, आणि मग पहिल्याच उन्हाळ्यात ढोरं बाजारात जातील. गवळी घरांसाठी हा जगण्याचाच प्रश्न आहे. नव्या गावाच्या नकाशात गायरान किती एकर, हे कोरकू घरांनीही त्यांच्यासाठी विचारलं पाहिजे.

रोख रकमेच्या पर्यायाकडे तरुण मुलं वळतात. त्यांना एवढंच सांगणं आहे, १५ लाख बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ९०,००० येतात, महिन्याला ७,५००. सरपण, भाजी, मोह, चारा, घरभाडं सगळं विकत घेऊन यात घर चालतं का, ते आईबरोबर बसून मांडा. घरात किती येतं आणि किती लागतं हे तिला नेमकं माहीत असतं. जमीन घ्यायची ठरली तर दलालाच्या बोलण्यावर इसार देऊ नका. सातबारा, आठ-अ, मागचे फेरफार, ‘इतर हक्क’ या रकान्यातला बोजा आणि तीस वर्षांचा शोध अहवाल पाहा. शेतजमीन विकत घ्यायला शेतकरी किंवा शेतमजूर असल्याचा पुरावा मागितला जातो. तो दाखला जुन्या गावातून निघण्याआधी काढा. खरेदी नवरा-बायको दोघांच्या नावानं करा.

एक धोका जिल्ह्याच्या हद्दीचा आहे आणि त्यावर बैठकीत फार कमी बोललं जातं. धारणी आणि चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. अकोला जिल्हा नाही. म्हणजे घाट उतरून पलीकडे गेलात की तुमच्या ग्रामसभेमागचा पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) मागे राहतो. गरोदर बाया आणि लहान पोरांसाठीची अमृत आहार योजनाही अनुसूचित आणि आदिवासी उपयोजना क्षेत्रासाठी आहे. नवं गाव त्यात बसतं का ते लेखी विचारा. तुम्ही कोरकू म्हणूनच राहाल, जमातीचा दाखला बदलणार नाही. पण जात वैधतेला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे लागतात, आणि ते जुन्या शाळेच्या रजिस्टरात, कोतवाल बुकात, तहसीलच्या अभिलेख कक्षात आहेत. शाळा बंद झाली की रजिस्टर कुठे जातं ते शोधत पोरं वर्षं घालवतात. निघण्याआधी घरटी दोन प्रमाणित नकला. नव्या जागी तुम्ही एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीचा वॉर्ड होणार की स्वतंत्र गाव, हेही आधी ठरवून घ्या. चारशे मतांचा वॉर्ड तीन हजारांच्या गावात पाण्याची टाकी मागत बसतो.

राहणाऱ्यांनो, तुमच्यासमोरही खडतर गोष्ट आहे. निम्मं गाव गेलं आणि निम्मं राहिलं, हा सगळ्यांत वाईट शेवट. रिकाम्या वावरांवर गवत येतं, कुरण तयार होतं. बोरी, कोहा, कुंड उठल्यावर तिथं तशीच कुरणं झाली, सांबर आणि गवे आले. जंगलासाठी ते चांगलं आहे. पण त्याच कुरणाला लागून तुमचं मक्याचं वावर असेल तर रात्री जागायला आता शेजारी नाही. पटसंख्या घटून शाळा अडचणीत येते, एसटीची फेरी कमी होते. राहायचं असेल तर सलग राहा, एक टोला (वस्ती) पूर्ण. सामूहिक हक्काचा दावा आणि जंगलाच्या व्यवस्थापनाचा आराखडा हीच तुमची ढाल आहे. चराई कुठं, आग कोण विझवणार, पाणवठा कोणता सोडायचा, हे तुम्हीच लिहिलंत तर ‘एकत्र राहण्याचा मार्ग नाही’ असं म्हणणं कुणालाही सोपं जाणार नाही. पिकाचं नुकसान झालं की त्याच दिवशी कळवा, पंचनाम्याची प्रत मागा.

जानेवारी २०१९ आठवा. खाली वसवलेल्या गावांतले लोक जमीन आणि सोयी मिळाल्या नाहीत म्हणून परत वर आले, केलपाणी-गुल्लरघाटच्या भागात वनखात्याच्या लोकांशी संघर्ष झाला, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. त्यांना परत यावं लागलं यातच क्रम चुकल्याचा पुरावा आहे.

मुंड्यांबद्दल आम्ही सल्ला देणार नाही. सागवानी खांबावर कोरलेला चंद्र-सूर्य कुठं राहावा, मुठव्याला उठवता येतं की नाही, हे भूमका आणि वडीलधारे ठरवतील. आम्ही फक्त एवढं म्हणतो की ते जे ठरवतील ते करारात लिहा: नव्या गावात दफनभूमी किती गुंठे, आणि जुन्या जागी सिडोलीसाठी (मृतांच्या विधीसाठी), पूजेसाठी वर्षातून किती दिवस, किती माणसांना, कोणत्या वाटेनं जाता येईल. तोंडी शब्द देणारा माणूस बदलीवर जातो.

पुढच्या ग्रामसभेत दोन्ही तटांना सही करता येईल असा ठराव आम्ही सुचवतो. मजकूर असा:

‘ही ग्रामसभा आज जाण्याची संमती देत नाही आणि नाकारतही नाही. वैयक्तिक व सामूहिक वनहक्क दाव्यांवर अंतिम निर्णय, होळीत वाचलेली कुटुंब यादी, जमिनीचे गट नंबर, क-प्रत, माती व पाण्याचे अहवाल, महसुली गावाची अधिसूचना आणि एकत्र राहणं अशक्य असल्याचा अभ्यास, हे सर्व मराठीत ग्रामसभेला मिळाल्यापासून ९० दिवसांनी संमतीचा विषय घेतला जाईल. नवी जमीन पाहायला जाणाऱ्या पथकात जाऊ म्हणणारे पाच, राहू म्हणणारे पाच आणि त्या दहांत किमान पाच बाया असतील. तोपर्यंत कोणीही, कोणत्याही घरी, एकट्यानं संमतीपत्र भरून देणार नाही व घेणार नाही.’

आपले,
वनहक्क दावे आणि पुनर्वसनाचे कागद तपासणारे कार्यकर्ते
अमरावती-अकोला